कोल्हापुरात नवे आहात? आधी हद्द ओळखा, मग बातमी वाचा

नोकरीसाठी, विद्यापीठात शिकण्यासाठी, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून वकिलीसाठीही बाहेरगावची माणसं कोल्हापुरात राहायला येऊ लागली आहेत. घर मिळतं, गॅस मिळतो, मुलांचा शाळाप्रवेश होतो. मग एखाद्या सकाळी नळाला पाणी येत नाही. शेजारच्या वहिनी सांगतात, "पेपरात आलं होतं की काल." पेपर काढून बघावं तर मजकूर असतो, 'ए, बी वॉर्ड व त्यास संलग्नित उपनगरे आणि ग्रामीण भागात अपुरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.' आपलं घर ए वॉर्डात येतं, ई वॉर्डात येतं, की ग्रामीण भागात, हे नव्या माणसाला कुणी सांगितलेलंच नसतं.

इथल्या बातम्या वाचणाऱ्याला शहर ओळखीचं आहे असं धरूनच लिहिल्या जातात. म्हणून नव्यानं आलेल्यांसाठी ही वाट क्रमानं लिहून ठेवतोय. घरचा एक रविवार आणि नंतरचे काही महिने थोडं लक्ष, एवढं दिलंत तरी शहराचा कारभार कळायला लागेल.

पहिलं काम: तुम्ही शहरात राहता की गावात?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण कोल्हापुरात तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. इथली नगरपालिका १८५४ सालची. १५ डिसेंबर १९७२ ला तिची महापालिका झाली. त्यानंतर शहर चारी दिशांनी पसरलं, महापालिकेची हद्द मात्र कित्येक दशकं जवळपास तिथंच राहिली, सुमारे ६६.८२ चौरस किलोमीटर. 'हद्दवाढ' हा शब्द इथल्या पेपरात सतत दिसतो त्याचं कारण हेच. शहरातल्या कृती समित्या हद्दवाढीसाठी आंदोलन करतात आणि आजूबाजूची गावं विरोधात गाव बंद ठेवतात. घरफाळा, म्हणजे घरपट्टी, वाढेल, शेतजमिनींवर आरक्षणं पडतील आणि ग्रामपंचायत जाईल, ही गावांची भीती. लोकसंख्या आणि क्षेत्र वाढल्याशिवाय निधी वाढत नाही, हे शहराचं म्हणणं. दोन्ही बाजूंना दम आहे. यातली एकच बाजू ऐकून मत बनवू नका.

तुमच्या दृष्टीनं याचा अर्थ असा, की पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी, शिंगणापूर, वडणगे, बालिंगे या भागांत घर घेतलं असेल तर पत्त्यात 'कोल्हापूर' असूनही तुम्ही बहुधा ग्रामपंचायतीत राहता. रस्ता एकच असतो, अलीकडची इमारत महापालिकेची आणि पलीकडची गावची. ओळखायचं कसं? घरमालकाला घरपट्टीची पावती दाखवायला सांगा. पावतीवर महापालिकेचं नाव असेल तर शहर, ग्रामपंचायतीचं असेल तर गाव. महापालिकेच्या पावतीवर 'घरफाळा' असं लिहिलेलं असतं, इथं तोच शब्द चालतो.

गावात राहत असाल तर तुमचे दरवाजे वेगळे. ग्रामपंचायत, करवीर पंचायत समिती, नागाळा पार्कातली जिल्हा परिषद. बांधकाम परवानगीसारख्या गोष्टींसाठी २०१७ साली ४२ गावांचं कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं, तेही लक्षात ठेवा. 'शिरोली पुलाची' या गावाचा तर तालुकाच वेगळा, हातकणंगले. ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात, आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास चौकशी केलीत तर हमखास कळतं. त्या गावच्या मतदार यादीत नाव असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात, मग तुम्ही भाड्यानं राहत असलात तरी. उपनगरातल्या फ्लॅटमधली माणसं ग्रामसभेला जात नाहीत, आणि मग कचरा, गटार, रस्त्यावरचे दिवे या विषयांवर त्यांच्या वतीनं बोलायला कुणी नसतं. जा. पहिल्या सभेला गप्प बसून ऐकलंत तरी चालेल.

दुसरं काम: एकाच शहराचे तीन नकाशे

शहरात राहत असाल तर तीन गोष्टी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. तुमचा जुना वॉर्ड, तुमचं विभागीय कार्यालय आणि तुमचा निवडणूक प्रभाग. हे तिन्ही वेगवेगळे नकाशे आहेत, एकमेकांत जुळत नाहीत, आणि बातमीत कुठला नकाशा वापरलाय हे कुणी सांगत नाही.

जुने वॉर्ड पाच: ए, बी, सी, डी आणि ई. सिटी सर्व्हेच्या कागदांवर आणि पाण्याच्या प्रसिद्धिपत्रकात हेच असतात. ढोबळमानानं शिवाजी पेठ, रंकाळ्याचा परिसर, फुलेवाडी म्हणजे ए. मंगळवार पेठेची बाजू बी. सोमवार पेठ, लक्ष्मीपुरीकडचा भाग सी. शुक्रवार पेठ, उत्तरेश्वर पेठ डी. आणि शाहूपुरी, राजारामपुरी, ताराबाई पार्क, कसबा बावडा असा पूर्वेकडचा मोठा पसारा ई. पत्त्यात '१२०० ई वॉर्ड' असं काही दिसलं तर तो सिटी सर्व्हे नंबर आणि वॉर्ड असतो. जुन्या पोस्टमनना एवढ्यावर घर सापडतं.

विभागीय कार्यालयं चार: गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. रस्त्यावरचा खड्डा, तुंबलेलं गटार, अनधिकृत बांधकाम या तक्रारींसाठी भाऊसिंगजी रोडवरच्या मुख्य इमारतीत जायची गरज नसते, आधी इथं जायचं. प्रत्येक विभागीय कार्यालयाला उपशहर अभियंता असतो.

तिसरा नकाशा प्रभागांचा, आणि हा नुकताच बदलला आहे. २०१५ च्या निवडणुकीत शहरात ८१ प्रभाग होते आणि प्रत्येक प्रभागाला एक नगरसेवक. त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं महापालिकेत प्रशासक होता, नगरसेवकच नव्हते. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं ते बहुसदस्यीय पद्धतीनं. जागा ८१ च, पण प्रभाग २०. त्यातले १९ चार-चार जणांचे आणि एक पाच जणांचा. म्हणजे आता तुमच्या भागाला एक नाही, चार (त्या एका प्रभागात पाच) नगरसेवक आहेत, अ, ब, क, ड अशा गटांतून निवडून आलेले. चौघांचंही कार्यक्षेत्र अख्खा प्रभाग आहे. 'ते ड गटाचं काम, माझ्याकडं नाही' असं कुणी म्हणालं तर ते बरोबर नाही. निवेदन द्यायचं तर चौघांच्या नावानं एकच द्या आणि चौघांनाही पोचवा, पक्ष कुठलाही असो. एकाचंच नाव घातलं की बाकीचे तिघे अंग काढून घेतात.

तिसरं काम: कुणाचं काय

पेपरातली निम्मी भांडणं 'हे आमचं नाही' यावरून असतात. तुम्हाला ढोबळ वाटणी माहीत हवी.

महापालिकेकडं पाणी, कचरा, ड्रेनेज, शहरातले बहुतेक रस्ते, रंकाळा, बागा, केएमटी बस, महापालिकेच्या शाळा आणि दवाखाने, जन्म-मृत्यू नोंद. बाळ झालं तर २१ दिवसांच्या आत नोंद व्हायला हवी. रुग्णालयातून ती पाठवली जाते, तरी आपण खात्री करून घ्यावी.

वीज महावितरणची, तक्रारीचा क्रमांक १९१२. सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, राज्य सरकारचं. अंबाबाई मंदिराचं व्यवस्थापन पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडं, मंदिराबाहेरचा रस्ता आणि पार्किंग मात्र महापालिका आणि वाहतूक पोलिसांकडं. नवरात्रात या दोन-तीन यंत्रणांच्या बैठकांच्या बातम्या येतात त्या याचसाठी. पुणे-बंगळूर महामार्ग आणि त्याचे सेवा रस्ते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे. तिथल्या खड्ड्याचा अर्ज महापालिकेत दिलात तर तो फिरत राहतो.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथल्या बातम्यांत पाण्याइतकं दुसरं काही येत नाही. शहराला पूर्वीपासून पाणी मिळतं ते मुख्यतः नदीवरच्या बालिंगा, शिंगणापूर या उपसा केंद्रांतून, काही कळंबा तलावातून. पंचगंगेच्या प्रदूषणामुळं थेट धरणातून पाणी हवं, ही शहराची जुनी मागणी. त्यासाठी काळम्मावाडी धरणापासून पन्नासहून अधिक किलोमीटरची जलवाहिनी टाकली, तिला सगळं शहर 'थेट पाइपलाइन' म्हणतं. तिचं पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोचलं, तेव्हा ऐन दिवाळी होती. आता बातमीत 'थेट पाइपलाइनचा वीजपुरवठा खंडित', 'गळती काढण्याचं काम' असं वाचलं की दोन-तीन दिवस पाणी अनियमित येणार हे समजून पिंप भरून ठेवायचं. पंप चालतात विजेवर, म्हणून धरणावर वारा-पाऊस झाला की शहरातला नळ आटतो. तुमच्या गल्लीत पाणी किती वाजता सुटतं हे सांगणारा खरा माणूस म्हणजे चावीवाला, पाण्याचा व्हॉल्व्ह उघडणारा. त्याची ओळख करून घ्या, सणाला त्याला फराळ द्या. इंजिनिअरच्या आधी त्याला माहीत असतं.

कचऱ्यासाठी गल्लीत टिपर येतो. ओला-सुका वेगळा करून द्यायचा. चौकाचौकांतली कोंडाळी, म्हणजे कचराकुंड्या, कमी होत गेली आहेत. टिपर चुकला म्हणून जुन्या कोंडाळ्याच्या जागी पिशवी टाकून जाऊ नका. नव्या भाडेकरूंबद्दल गल्लीत पहिली नाराजी होते ती याच कारणावरून. दोन दिवस टिपर आलाच नाही तर तुमच्या भागाचा आरोग्य निरीक्षक कोण ते विचारा, त्याच्याकडं लगेच सोय होते.

चौथं काम: रोजची बातमी वाचायची कशी

'पुढारी' इथलाच. 'सकाळ', 'लोकमत', 'तरुण भारत' यांच्या कोल्हापूर आवृत्त्या आहेत. एकाच घटनेवर दोन पेपर वाचायची सवय ठेवा, कारण इथले नेते, कारखाने, दूध संघ, बँका आणि शिक्षणसंस्था एकमेकांत गुंतलेल्या आहेत. महापालिकेतली एखादी भूमिका समजून घ्यायची तर कधी कधी गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीकडं बघावं लागतं. सगळे पेपर एका जागी हवे असतील तर करवीर नगर वाचन मंदिरात जा. ही संस्था १८५० सालची. सकाळी तिथं पेपर वाचणारी वयस्कर मंडळी असतात. एखाद्या काकांना 'हा वाद नेमका कधीपासूनचा?' म्हणून विचारलंत तर पेपरात नसलेली मागची वीस वर्षं कळतात.

बातमीतले काही शब्द ओळखीचे करून घ्या. 'सर्वसाधारण सभा' म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा. 'स्थायी' म्हणजे १६ जणांची स्थायी समिती, जिच्याकडं ठेके आणि खर्चाची मंजुरी असते. महापौर शहराचा पहिला नागरिक, सभेचा अध्यक्ष. कारभार चालवायचे अधिकार मात्र आयुक्तांकडं. महापौराची मुदत कायद्यानं अडीच वर्षं, पण कोल्हापुरात पक्षांतर्गत वाटणीत काही महिन्यांनी राजीनामा आणि नवा महापौर, हे अनेकदा झालं आहे. म्हणून एखादं आश्वासन महापौरांनी दिलं असेल तर ते सभेच्या ठरावात आलंय का ते बघा. माणूस बदलला तरी ठराव राहतो.

आणखी एक शब्द, 'ऐनवेळचा विषय'. सभेची विषयपत्रिका आधी निघते, पण काही विषय आयत्या वेळी घेतले जातात. मोठ्या सभेची बातमी वाचताना मथळ्यातला गोंधळ, घोषणाबाजी सोडून द्या आणि ऐनवेळी काय मंजूर झालं ते शोधा. जागा, आरक्षण, मुदतवाढ हे विषय तिथं सापडतात. फेब्रुवारी-मार्चमधला अर्थसंकल्पही असाच वाचायचा. एकूण आकड्यापेक्षा आपल्या भागातल्या कामांची नावं आणि गेल्या वर्षीची तीच नावं पुन्हा आलीत का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

सर्वसाधारण सभा नागरिकांना बघता येते. सभेची तारीख नगरसचिव कार्यालयात विचारा आणि प्रेक्षक म्हणून बसा. एकदा तरी नक्की जा. आपल्या प्रभागाचा माणूस बोलतो का, काय बोलतो, हे डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही.

पाचवं काम: तक्रार द्यायची तर पोच घ्या

फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलेली तक्रार चटकन सुटली तर उत्तम. नाही सुटली तर कागद हवा. अर्ज साधा लिहा, एका पानाचा. 'प्रति, उपशहर अभियंता, विभागीय कार्यालय क्र. अमुक' आणि विषय एका ओळीत. मग जागा अशी लिहा की कुणालाही सापडेल. 'गल्लीत' म्हणून सोडू नका, 'अमुक दवाखान्यासमोर, विजेच्या खांबाजवळ' असं लिहा. कधीपासून त्रास आहे ते लिहा, फोटो जोडा आणि गल्लीतल्या आणखी चार-पाच घरांच्या सह्या घ्या. शेजारी तुम्हाला नवे असतील तर ओळख व्हायचा हा चांगला रस्ता आहे, सही मागायला गेलं की चहा होतोच.

दोन प्रती न्या. एक आवक-जावक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. 'ठेवून जा, साहेब आल्यावर देतो' असं कुणी म्हणालं तर नम्रपणे, पण शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. मी एकदा भिजलेल्या रस्त्याचा अर्ज घेऊन खिडकीसमोर उभा होतो. माझ्या पुढच्या आजोबांनी कापडी पिशवीतून जुन्या पोचपावत्यांचा गठ्ठा काढला, तारखेनं लावलेला, प्रत्येकीच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं 'काम झालं' किंवा 'बाकी'. खिडकीतल्या माणसानं त्यांचा अर्ज निमूट घेतला आणि शिक्का मारला. तेव्हापासून माझीही तशीच फाइल आहे.

काही आठवड्यांत हालचाल झाली नाही तर पुढची पायरी लोकशाही दिन. आयुक्त स्तरावर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो असतो, सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. अर्ज ठरलेल्या नमुन्यात आणि १५ दिवस आधी द्यावा लागतो, न्यायालयात असलेली प्रकरणं घेतली जात नाहीत. दाखले, नोंदी, नळजोडणी अशा सेवांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. किती दिवसांत काम व्हायला हवं आणि न झाल्यास अपील कुणाकडं, याचा फलक कार्यालयात लावलेला असायला हवा. तो वाचा आणि दिवस मोजा.

आणि माहितीचा अधिकार. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील २० रुपयांच्या स्टँपवर. प्रश्न 'रस्ता का झाला नाही?' असा विचारू नका, त्याला उत्तर देणं बंधनकारक नसतं. कागद मागा: कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, ठेकेदाराच्या दोष-दुरुस्तीची मुदत. शेवटच्या कागदानं सगळ्यात जास्त खड्डे बुजतात, कारण त्या मुदतीत दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चानं व्हायला हवी.

हे एकट्यानं करायची सक्ती नाही. कोल्हापुरात कृती समिती ही जिवंत गोष्ट आहे. रस्त्यांच्या टोलविरुद्ध इथं वर्षानुवर्षं आंदोलन झालं, प्रा. एन. डी. पाटील, कॉ. गोविंद पानसरे अशी माणसं त्याच्या पुढं होती, आणि टोल बंद झाला. त्या वारशावर आजही पाणी, रस्ते, हद्दवाढ या प्रश्नांवर समित्या उभ्या राहतात. निदर्शनं, सभा बिंदू चौकात किंवा दसरा चौकात होतात, व्याख्यानं आणि प्रदर्शनं शाहू स्मारक भवनात. तिथली भित्तिपत्रकं येता-जाता वाचा, महिन्याभरात शहरात कोण कशासाठी धडपडतंय ते कळतं.

सहावं काम: पावसाळ्यापूर्वी पुराची भाषा शिका

कोल्हापुरात नवे असाल आणि फक्त एकच भाग वाचणार असाल, तर हा वाचा.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा, संगम प्रयाग चिखलीला. पावसाळ्यात दिवसातून अनेकदा एक ओळ फिरते: 'राजाराम बंधारा पाणीपातळी इतके फूट इतके इंच.' हा बंधारा कसबा बावड्याला आहे. त्याचे दोन आकडे पाठ करा. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्या वर.

नुसत्या फुटांपेक्षा दर तासाला किती वाढतंय ते बघा. इंचाइंचानं चढतंय की थांबलंय. त्यासोबत राधानगरी धरण. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात, आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी येतं. 'राधानगरीचे चार दरवाजे उघडले' ही बातमी आली की शहरात पाणी यायला काही तास असतात. धरण क्षेत्रात पाऊस थांबला तर दरवाजे एकेक करून बंद होतात. तिसरी नजर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या विसर्गावर. तिथून कृष्णेचं पाणी किती सोडलं जातंय, यावर इथं दरवर्षी चर्चा पेटते.

पाणी आधी कुठं येतं हे जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. सुतारवाड्यातल्या कुटुंबांना चित्रदुर्ग मठात हलवलं, ही दरवर्षीची पहिली बातमी. मग जामदार क्लब, गायकवाड वाड्याकडचा रस्ता, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, बापट कॅम्प, रमणमळा. घर भाड्यानं घेताना पावसाळ्याबाहेर हे कुणी सांगत नाही. म्हणून करार करण्याआधी गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा, '२०१९ ला पाणी इथं कुठवर होतं?' तो भिंतीवरची खूण दाखवेल. तळमजल्याचं घर असेल तर ती खूण आणि तुमचा उंबरठा यांत किती अंतर आहे, ते बघूनच अनामत रक्कम द्या.

पुरात शहरात सगळीकडं पाणी असतं आणि नळाला थेंब नसतो. २०१९ ला नदीकाठची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, आणि पुराचं पाणी जिथं शिरलंच नव्हतं त्या भागातही पिण्याचं पाणी, दूध, पेट्रोल यांची टंचाई झाली. म्हणून जुलैच्या सुरुवातीलाच पिण्याच्या पाण्याचे कॅन, औषधं, मेणबत्त्या, थोडी रोख रक्कम, आणि कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत उंच कपाटात. पातळी ३९ ओलांडली की दुचाकी-चारचाकी उंचावर न्या. मदतीसाठी जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७. आणि नदीचा पूर बघायला पुलावर गर्दी करू नका, बचाव पथकांची वाट अडते.

सातवं काम: तालीम आणि गल्लीचं वर्षपत्रक

पूर आला की बोट, भाकरी, औषध घेऊन आधी पोचतात ती तालमीची आणि मंडळांची पोरं. या शहराचं समाजजीवन पेठेपेठेतल्या तालमींत आहे. पूर्वी कुस्तीचे आखाडे, आता फुटबॉलचे संघ, गणपती मंडळ, रक्तदान आणि निवडणूक, सगळं एकाच कट्ट्यावर. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं क्रीडापानावर दिसतात आणि राजकारणाच्या पानावरही. हंगामात छत्रपती शाहू स्टेडियमवर एखादा सामना जरूर बघा. कुठली पेठ कुणाच्या मागं आहे, हे गॅलरीत बसून तासाभरात समजतं.

गणपतीला मंडळाची पोरं वर्गणीला येतील. आपुलकीनं द्या, पावती घ्या, आणि 'आरतीला या की' म्हणाले तर जा. भाडेकरू आणि गल्ली यांच्यातलं अंतर तिथं मिटतं. विसर्जनासाठी महापालिका इराणी खणीवर सोय करते. मिरवणूक महाद्वार रोडनं जाते, त्या दिवशी त्या बाजूला गाडी नेऊ नका. ललिता पंचमीला त्र्यंबोलीची यात्रा, दसऱ्याला दसरा चौकात सीमोल्लंघनाचा सोहळा, चैत्रात जोतिबाची यात्रा. या दिवसांचे वाहतूक बदल आदल्या दिवशीच्या पेपरात येतात. मोहरममध्ये बाबुजमाल दर्ग्याच्या पंज्यांना सगळ्या धर्मांची माणसं जातात. २६ जूनला शाहू जयंती आणि ६ मे रोजी शाहू महाराजांचा स्मृतिदिन, हे इथं शासकीय कार्यक्रमापुरते राहत नाहीत. १९०२ साली ५० टक्के आरक्षण आणि १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण देणाऱ्या राजाचं शहर आहे हे. कुठल्याही पक्षाच्या सभेत, कुठल्याही मागणीच्या पत्रकात शाहूंचं नाव येतं आणि लोक त्या नावावर जाब विचारतात.

तसंच केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी उभारलेलं हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत गेलं. लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. त्याच्या पुनर्बांधणीची प्रत्येक बातमी इथं घरच्या बातमीसारखी वाचली जाते. तुम्हीही ती वाचत राहा. वास्तू महापालिकेची आहे, म्हणजे आता तुमचीही.

आठवं काम: यादीत नाव

हे काम लोक निवडणूक लागल्यावर करायला जातात आणि तेव्हा उशीर झालेला असतो. महापालिकेची यादी वेगळी तयार होत नाही, विधानसभेची यादी प्रभागनिहाय फोडली जाते. शहराचा भाग मुख्यतः कोल्हापूर उत्तर आणि कोल्हापूर दक्षिण या मतदारसंघांत येतो, पश्चिमेकडची बरीच गावं करवीरमध्ये. पहिल्यांदाच नाव घालायचं असेल तर नमुना ६, दुसऱ्या गावाहून किंवा दुसऱ्या भागातून नाव इकडं आणायचं असेल तर नमुना ८. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चारही तारखांना १८ पूर्ण होणाऱ्यांना नोंदणी करता येते. घरातल्या मुला-मुलींचं बघा.

भाडेकरूंना पत्त्याचा पुरावा ही अडचण वाटते. नोंदणीकृत भाडेकरार, किंवा तुमच्या नावाचं, इथल्या पत्त्याचं गॅसचं वा विजेचं बिल अथवा बँक पासबुक चालतं. अर्ज ऑनलाइन होतो, पण त्यानंतर केंद्रस्तरीय अधिकारी घरी पडताळणीला येतो. बहुतेकदा ते जवळच्या शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीच्या ताई असतात. ते येतील तेव्हा घराला कुलूप असेल तर अर्ज अडकतो, म्हणून शेजाऱ्यांकडं तुमचा मोबाइल नंबर देऊन ठेवा. यादी प्रसिद्ध झाल्यावर नाव, वय आणि विशेषतः यादी भाग क्रमांक तपासा. प्रभागांच्या सीमारेषेवर राहणाऱ्यांची नावं शेजारच्या प्रभागात गेल्याच्या हरकती दर निवडणुकीत येतात. हरकतीसाठी प्रारूप यादीनंतर मोजकेच दिवस मिळतात, आणि ती तारीख पेपरात आतल्या पानावर, बारीक टाइपात छापून येते.